बंद न होणारा व्हॉल्व्ह : पुण्यातील एका इमारतीच्या उतरत्या लाइनचे प्रकरण

वॉश बेसिनखालच्या अर्ध्या इंची अँगल कॉकच्या (बेसिनच्या नळाचे पाणी बंद करणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हच्या) दांड्यापाशी थेंब थेंब पाणी गळते आहे, एवढीच मूळ तक्रार होती. ती दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंनी केली आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या बाथरूममध्ये घोटाभर पाणी साचले. पुढील तीन आठवड्यांत आम्हाला तो कॉक, घराच्या माळ्यावरचा मुख्य व्हॉल्व्ह आणि गच्चीवरचा व्हॉल्व्ह अशा तिन्ही ठिकाणी काम करावे लागले. शिवाय 1991 मध्ये इमारत बांधताना राहून गेलेला एक हवेचा पाइपही बसवावा लागला. या कामात कोणता निर्णय कोणत्या कारणासाठी घेतला हे सविस्तर नोंदवून ठेवावे, असे मला वाटते. याच वयाच्या आणि याच पद्धतीच्या इमारती पुण्यात, ठाण्यात, नाशकात असंख्य आहेत आणि तेथेही हाच प्रसंग कधी ना कधी येणार आहे.

इमारत सिंहगड रस्त्याच्या परिसरातील आहे. तळमजला अधिक चार मजले, प्रत्येक मजल्यावर तीन सदनिका आणि सर्व मूळ पाइप जस्त चढवलेल्या लोखंडाचे, म्हणजे जीआयचे. महापालिकेचे पाणी प्रथम जमिनीखालच्या टाकीत येते आणि तेथून पंपाने गच्चीवरच्या सुमारे 15,000 लिटरच्या टाकीत चढवले जाते. मार्च ते जून या काळात त्यात बोअरचे पाणीही मिसळावे लागते. खडकवासला धरणाकडून येणारे पाणी सौम्य असले तरी आमच्या बोअरचे पाणी चांगलेच जड, म्हणजे क्षारांचे, आहे, आणि या प्रकरणात त्याचा मोठा वाटा आहे. गच्चीवरील टाकीतून दोन इंची आडवी लाइन निघते आणि तिच्यापासून सव्वा इंचाच्या तीन उतरत्या लाइन खाली जातात. प्रत्येक लाइनवर गच्चीतच एक पितळी गेट व्हॉल्व्ह आहे, आणि एका लाइनवर वरपासून खालपर्यंत पाच सदनिका अवलंबून आहेत. इमारतीच्या देखभालीचे काम संस्थेने माझ्याकडे सोपवले आहे, आणि नोकरीच्या काळात कारखान्यातील पाइपलाइनशी माझा बराच संबंध आलेला असल्याने मी या कामाच्या वेळी सर्व दिवस स्वतः हजर होतो.

त्या दिवशी नेमके काय घडले

आमच्या नेहमीच्या प्लंबरमामांसोबत आलेल्या मुलाने गळणारा कॉक बंद करण्यासाठी पान्याने जोर लावला. असा कॉक वर्षानुवर्षे कोणी फिरवलेला नसतो, दांड्याभोवतीची पॅकिंगची दोरी वाळून दगडासारखी झालेली असते, आणि आतले पितळही तितके मजबूत उरलेले नसते. दांडा मोडून डोके हातात आले आणि पाण्याची धार समोरच्या भिंतीवर आदळू लागली. गच्चीवरच्या टाकीतील पाण्याची पातळी त्या कॉकपासून सुमारे 11 मीटर उंच आहे. दहा मीटर उंचीमागे प्रति चौरस सेंटिमीटर साधारण एक किलो दाब धरला, तर हा दाब एक किलोच्या थोडा वर जातो. कारखान्याच्या मानाने हा दाब काहीच नाही, पण अर्ध्या इंचाच्या उघड्या तोंडातून एवढ्या दाबाने येणारे पाणी हाताने थोपवता येत नाही.

मुलगा माळ्यावर चढला आणि घराच्या मुख्य व्हॉल्व्हचे चाक फिरवू लागला. चाक फिरत राहिले, फिरतच राहिले, आणि धार मात्र तशीच होती. याचा अर्थ आतला दांडा पाणी अडवणाऱ्या फाटकापासून, म्हणजे गेटपासून, सुटला होता. मी गच्चीकडे धावलो. तेथील व्हॉल्व्हचे चाक साधारण पाऊण वाट फिरून अडकले, आणि त्यापुढे जोर लावण्याचे मी जाणूनबुजून टाळले, कारण हाही दांडा मोडला असता तर 15,000 लिटरची टाकी रिकामी होईपर्यंत वाट पाहण्यावाचून काही उरले नसते.

अशा वेळी मामांचा अनुभव उपयोगी पडला. त्यांनी खालून ओरडून सांगितले, "काका, तळमजल्याचे आणि पहिल्या मजल्याचे सगळे नळ पूर्ण उघडायला सांगा." गच्चीवरचा व्हॉल्व्ह अर्धवट बंद झाल्यामुळे लाइनमध्ये येणारे पाणी आता मर्यादित होते. खालचे सहा-सात नळ एकदम उघडताच ते पाणी खाली पळाले आणि दुसऱ्या मजल्यावरची धार बोटभर जाडीच्या वाहत्या पाण्यावर आली. त्या अवधीत मामांनी अर्ध्या इंची निपलवर (दोन्ही टोकांना आटे असलेल्या आखूड पाइपवर) टेफ्लॉन टेप गुंडाळून त्याच्या दुसऱ्या टोकाला एक बॉल व्हॉल्व्ह (आतला भोक असलेला गोळा दांडीने फिरवून उघडतो-मिटतो तो) बसवून तयार ठेवला होता, आणि तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवला होता. मोडलेल्या कॉकचा उरलेला भाग काढून ही जोडणी भिंतीतल्या एल्बोमध्ये (काटकोनी जोडतुकड्यात) फिरवताना पाणी तिच्या मधल्या सरळ भोकातून वाहत राहिले, म्हणून त्याने जोडणीला मागे ढकलले नाही. आटे पुरेसे धरल्यावर मामांनी दांडी पाव फेरा फिरवली आणि पाणी थांबले. बंद प्लग किंवा डमी घेऊन हेच करू पाहणाऱ्याला पाण्याचा सगळा दाब अंगावर घ्यावा लागतो आणि आटे तिरके धरण्याचा धोका असतो. वाहत्या लाइनवर उघडा बॉल व्हॉल्व्ह चढवणे ही युक्ती मी कारखान्यात पाहिली होती, पण घरातल्या भिंतीपुढे गुडघ्यावर बसून ती इतक्या शांतपणे करताना प्रथमच पाहिली.

निदान

दुसऱ्या दिवशी बहुतेक रहिवाशांचे म्हणणे असे होते की कॉक बदलला की विषय संपला. मला ते पटले नाही. कॉक बदलण्यासाठी नुकताच बसवलेला बॉल व्हॉल्व्ह काढावा लागणार, तो काढण्यासाठी माळ्यावरचा व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा, आणि माळ्यावरच्या व्हॉल्व्हला हात लावायचा तर गच्चीवरचा व्हॉल्व्ह खात्रीने बंद व्हायला हवा. काम ज्या क्रमाने दिसते त्याच्या उलट क्रमाने, म्हणजे टाकीकडून नळाकडे, करावे लागणार होते. म्हणून पहिला प्रश्न असा उभा राहिला की गच्चीवरचा व्हॉल्व्ह दुरुस्त होण्यासारखा आहे की बदलावाच लागेल.

गेट व्हॉल्व्हमध्ये पाचरीसारखे एक पितळी फाटक असते, ते चाक फिरवल्यावर खाली उतरते आणि दोन तिरप्या बैठकींमध्ये घट्ट बसते. पूर्ण उघडे किंवा पूर्ण बंद, या दोनच स्थितींसाठी ते बनवलेले असते. आमच्याकडे मात्र खालच्या मजल्यांवर नळांना पाणी जास्त जोराने येते म्हणून कोणीतरी हा व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे अर्धा बंद ठेवला होता. अर्धवट उघड्या फाटकाखालून पाणी सतत वेगाने गेले की फाटकाची कड आणि बैठक झिजते, आणि जड पाण्यातील क्षार उरलेल्या जागी थर धरतात. असा व्हॉल्व्ह आधी सौम्य उपायांनी सोडवून पाहावा. पाव फेरा बंद, अर्धा फेरा उघडा, पुन्हा पाव फेरा बंद, असे दोन्ही दिशांनी हलवत राहिले की वाहत्या पाण्याने बैठकीवरचा कचरा कधी कधी धुऊन जातो. चाकाला लांब पाइप लावून जोर वाढवू नये. त्याने फाटक बसत नाही, दांडा मात्र तुटतो. तसे केल्यावर आमचे चाक पूर्ण बंद होण्याच्या जागेपर्यंत गेले आणि सर्वांना हायसे वाटले.

तरीही चाक बंद झाले म्हणजे पाणी बंद झाले, असे गृहीत धरणे चूक ठरले असते. त्यासाठी आम्ही बादलीने चाचणी घेतली. सव्वा इंची पाइपमध्ये मीटरमागे साधारण एक लिटर पाणी मावते. गच्चीपासून तळमजल्यापर्यंत लाइन सुमारे 15 मीटर आहे, म्हणजे तिच्यातले पाणी एका बादलीच्या आसपास, आणि घराघरांतील फाट्यांमध्ये अडकलेले धरून फार तर दोन बादल्या. गच्चीचा व्हॉल्व्ह बंद करून तळमजल्याचा नळ उघडला, तेव्हा पाणी गटगटत, थांबत, पुन्हा येत राहिले आणि त्यावरून काहीच कळेना. लाइनमध्ये वरून हवा शिरायला वाटच नव्हती, हे त्याचे कारण होते. उतरत्या लाइनला गच्चीवर, व्हॉल्व्हच्या पुढे, टाकीतील पाण्याच्या पातळीच्या वर जाणारा एक उघडा हवेचा पाइप असायला हवा. आमच्या तिन्ही लाइनवर तो मुळातच नव्हता. चौथ्या मजल्याचा नळ उघडल्यावर तेथून फुसफुसत हवा आत गेली आणि खालचे पाणी सरळ वाहू लागले. पहिल्या दोन बादल्या भरभर भरल्या आणि त्यानंतर पेन्सिलीएवढी धार अखंड चालू राहिली. चौथी बादली भरली तरी ती बारीक झाली नाही. म्हणजे ते पाणी लाइनमध्ये उरलेले नव्हते, व्हॉल्व्हमधून येत होते. व्हॉल्व्ह बदलण्याचा निर्णय त्या चौथ्या बादलीवर झाला.

या चाचणीवर मी एवढा भर देतो, कारण ती न घेता माळ्यावरची लाइन कापली असती तर तेथेही पहिल्या दिवसाची पुनरावृत्ती झाली असती, आणि या वेळी थेट घराच्या मुख्य लाइनवर.

गच्चीवरचे काम

टाकी रिकामी केल्याशिवाय हा व्हॉल्व्ह निघणार नव्हता, कारण टाकीच्या तोंडाशी दुसरा व्हॉल्व्हच नाही. 15,000 लिटर पाणी गटारात सोडण्याची कल्पना कोणालाच सहन होणारी नव्हती. म्हणून आम्ही टाकी धुण्याचे दरवर्षीचे काम पुढे आणले, रविवार ठरवला, शनिवारी दुपारपासून पंप बंद ठेवला आणि रहिवाशांना पिंप, बादल्या भरून घ्यायला सांगितले. रविवारी सकाळी टाकीत जेमतेम फूटभर पाणी उरले होते आणि तेही टाकी धुण्यात वापरले गेले.

जुन्या लाइनवर कोठेही युनियन, म्हणजे पाइप न फिरवता मधोमध सोडता येणारा जोड, नव्हती. सरळ लाइनच्या मधला आट्यांचा व्हॉल्व्ह युनियन नसेल तर फिरवून काढता येत नाही, कारण एका बाजूला आटे सुटतात तेव्हा दुसऱ्या बाजूला ते आवळले जातात. त्यामुळे पाइप करवतीने कापावाच लागला. येथे खरा प्रश्न व्हॉल्व्हचा नव्हता, तीस वर्षांहून जुन्या पाइपचा होता. बाहेरून धडधाकट दिसणारा जीआय पाइप आतून गंजाने भरलेला आणि आट्यांपाशी सर्वांत पातळ झालेला असतो, कारण आटे पाडताना त्याच जागी भिंत कापलेली असते. म्हणून मामांचा एकच नियम होता, एक पाना पाइप धरायला आणि दुसरा फिरवायला, आणि धरणारा पाना एक क्षणही सोडायचा नाही. गच्चीवरचा उघडा भाग जुनाच ठेवण्यात अर्थ नव्हता. स्लॅबच्या वरच्या सॉकेटपासून आडव्या लाइनच्या टीपर्यंतचा (तीन तोंडांच्या जोडतुकड्यापर्यंतचा) सगळा तुकडा आम्ही नवा घातला. तो लाल पट्ट्याचा, म्हणजे आयएस 1239 या भारतीय मानकातील जाड प्रकारचा जीआय आहे. सीपीव्हीसी या प्लास्टिकच्या पाइपचा पर्याय काहींनी सुचवला होता आणि घराच्या आत तो मीही स्वीकारला असता, परंतु पुण्याच्या उन्हात बारा महिने उघड्यावर असलेल्या प्लास्टिकच्या पाइपला रंग देत राहावे लागते आणि ते कोणी देत नाही, हे मी पुरेसे पाहिले आहे.

नवा व्हॉल्व्ह गेटचा घ्यावा की बॉलचा, यावर थोडी चर्चा झाली. आयएस 778 ची खूण असलेला चांगला गेट व्हॉल्व्हही वाईट नाही. पण वर्षातून एकदा-दोनदाच हात लागणाऱ्या आणि जड पाणी वाहणाऱ्या जागी बॉल व्हॉल्व्ह जास्त खात्रीने बंद होतो. शिवाय दांडी पाइपला समांतर असली तर उघडा आणि आडवी असली तर बंद, हे अंधारातही कळते, आणि अर्धवट बंद ठेवण्याचा मोह झाला तर दांडीच्या तिरपेपणावरून ते लगेच उघडे पडते. मात्र एक अट मी दुकानात जाऊन स्वतः तपासली, ती म्हणजे व्हॉल्व्ह फुल बोअर असावा. स्वस्त बॉल व्हॉल्व्हमध्ये मधले भोक पाइपच्या भोकापेक्षा लहान असते. तळमजल्याला त्याचा फरक पडत नाही, पण चौथ्या मजल्याच्या नळांवर टाकीतील पाणी जेमतेम तीन-चार मीटर उंच असते आणि तेथे प्रत्येक आकसलेली जागा जाणवते. दुसरी गोष्ट लोहचुंबकाची. तो भोकातून आत घालून थेट गोळ्याला लावून पाहिला, कारण वरून मुलामा दिलेला लोखंडी गोळा काही वर्षांत गंजतो आणि त्याचा खडबडीत पृष्ठभाग आतल्या टेफ्लॉनच्या कड्या फाडतो. दांडी लोखंडी असतेच, त्यामुळे बाहेरून चुंबक लावण्यात अर्थ नाही.

व्हॉल्व्हच्या पुढे युनियन घातली, आणि तिच्याही पुढे टी टाकून पाऊण इंची हवेचा पाइप टाकीच्या ओव्हरफ्लोपेक्षा उंच नेला. त्याचे तोंड खाली वळवून त्यावर जाळी बसवली, म्हणजे पाऊस आणि पक्ष्यांचा कचरा आत जाणार नाही. आट्यांवर सर्वत्र टेफ्लॉन टेप वापरली. जुन्या सांध्यांवर सण (तागासारखा धागा) आणि सफेदा होता. तो सांधा मजबूत होतो हे खरे, पण शिसे असलेला सफेदा पिण्याच्या पाण्याच्या लाइनवर वापरण्याचे मला आता धाडस होत नाही.

काढलेला गेट व्हॉल्व्ह मी उघडून पाहिला. फाटकाच्या एका कडेवर पांढरा कठीण थर होता. त्यावर लिंबू पिळल्यावर बुडबुडे आले, म्हणजे तो चुन्याचाच थर होता. बैठकीवर पाण्याच्या दिशेने पडलेल्या बारीक खाचा स्पष्ट दिसत होत्या. वरचा थर खरवडून निघाला असता, खाचा मात्र निघाल्या नसत्या.

माळ्यावरचा व्हॉल्व्ह

या ठिकाणचा निर्णय मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. येथे पाऊण इंची गेट व्हॉल्व्ह उतरत्या लाइनच्या टीला एका आखूड निपलने जोडलेला होता. ती टी अर्धी भिंतीत होती. व्हॉल्व्ह फिरवून काढायचा म्हणजे सगळा जोर त्या निपलवर आणि भिंतीतल्या टीवर येणार होता. निपल मोडला असता तर भिंत फोडून पाच घरांची लाइन उघडावी लागली असती. मामांनी पाना लावून अगदी हलका जोर दिला आणि लगेच थांबले. "व्हॉल्व्ह फिरत नाही काका, पाइपच फिरतोय," एवढेच ते म्हणाले.

तेव्हा आम्ही व्हॉल्व्हची वरची टोपी उघडली. आतला दांडा मध्यावर तुटलेला होता आणि तुटल्या जागी पितळ पिवळे नसून तांबूस आणि स्पंजासारखे सच्छिद्र झाले होते. पाण्यात वर्षानुवर्षे राहून पितळातील जस्त निघून जाते आणि ठिसूळ तांबे मागे राहते, त्याची ही नेमकी खूण आहे. त्याच मापाच्या नव्या व्हॉल्व्हची टोपी आणि दांडा जुन्या शरीरात बसतो का, हे आम्ही करून पाहिले, परंतु बनावट वेगळी असल्याने आटे जुळले नाहीत. शेवटी आतले फाटक काढून टाकले, टोपी नवीन पॅकिंग घालून परत बसवली आणि जुन्या व्हॉल्व्हला आहे त्या जागी फक्त पाइपचा तुकडा म्हणून राहू दिले. त्याच्या पुढचा साधारण दोन फुटांचा पाइप माळ्यावर उघडाच होता. तो मधोमध कापला, दोन्ही तुकडे दोन पान्यांनी, व्हॉल्व्हचे शरीर आणि पुढचा एल्बो घट्ट धरून, हळूहळू फिरवून काढले आणि त्या जागी दुकानातून आटे पाडून आणलेले नवे तुकडे, बॉल व्हॉल्व्ह आणि युनियन बसवली. जागेवर डाय लावून आटे पाडणे टाळले, कारण त्याही जोराचा धक्का शेवटी भिंतीतल्या टीलाच बसला असता.

जुना व्हॉल्व्ह मागे ठेवला, ही तडजोड आहे आणि तिचे ओझे पुढे येऊ शकते, हे मी कबूल करतो. त्याच्या टोपीपाशी कधी पाझर सुरू झाला तर गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करून ती उघडावी लागेल. पण आता गच्चीवरचा तो व्हॉल्व्ह बंद होतो. जुन्या चाकावर लाल रंगाने फुली मारली आणि नव्या दांडीला घराच्या क्रमांकाची चिठ्ठी बांधली, कारण घाईत कोणाचाही हात आधी जुन्या, ओळखीच्या चाकाकडेच जाणार आहे.

त्यानंतर अँगल कॉक बदलणे हे अर्ध्या तासाचे काम उरले. नवा कॉक पाव फेऱ्याचा, सिरॅमिक चकतीचा आहे. या चकत्या गुळगुळीत असतात तोवर उत्तम बंद होतात, पण गंजाचा एक कणही मध्ये आला तर त्यांवर कायमची रेघ पडते. पाइप कापल्यानंतर लाइनमध्ये गंजाच्या खपल्या सुटलेल्या असतातच. म्हणून कॉक बसवण्याआधी उघड्या एल्बोखाली बादली धरून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडले. पहिले पाणी चहासारखे होते. पाचही घरांना नळांच्या तोंडाच्या जाळ्या काढून दहा मिनिटे नळ वाहू द्यायला सांगितले होते. तिसऱ्या मजल्यावर ते राहून गेले आणि दोन दिवसांनी तेथील स्वयंपाकघरातल्या नळाची जाळी गंजाच्या चुऱ्याने भरलेली निघाली.

रात्री गच्चीवर, माळ्यावर आणि बेसिनखाली प्रत्येक सांध्याच्या खाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद पसरून ठेवला. सकाळी माळ्यावरच्या युनियनखाली रुपयाच्या नाण्याएवढा एक ओला डाग होता. दोन पाने लावून तो सांधा थोडा आवळला आणि दुसऱ्या रात्री कागद कोरडा राहिला. टाकी रिकामी झाल्यानंतर लाइनमध्ये हवा अडकून चौथ्या मजल्याला पाणी न येण्याची तक्रार आमच्याकडे दरवर्षी येत असे आणि नळाला तोंड लावून हवा ओढण्यापर्यंत मजल जात असे. या वेळी लाइन भरताना नव्या हवेच्या पाइपातून सूं असा आवाज आला आणि काही मिनिटांत चौथ्या मजल्यावर पाणी सुरू झाले.

उरलेल्या दोन लाइनवरचे व्हॉल्व्ह आम्ही त्याच आठवड्यात बादलीने तपासले. एक व्यवस्थित बंद होतो, दुसऱ्यातून पाणी जाते. तो पुढच्या वेळी टाकी धुताना बदलायचा आहे आणि त्यासाठी लागणारा फुल बोअर व्हॉल्व्ह, युनियन आणि आटे पाडलेले तुकडे संस्थेच्या कार्यालयात आणून ठेवले आहेत.